व्याही आणि कलपाची डबी

— अहो, उठताय कशाला, बसा. निवांत बसा, व्याहीबुवा. दाराला कडी नाही, बघा — नुसतं लोटलंय. कडी लावायची नाही असा नियमच आहे आम्हाला, लावली की धरलेला माणूस कोंडलेला होतो, आणि मग पोलीस त्याच्याऐवजी मलाच घेऊन जातात. पाणी घ्या. आणि खिसे कशाला उलटे करताय? झडती घ्यायचा अधिकार मला नाही. तुम्ही आपण होऊन टेबलावर ठेवलीत तेवढी डबी पुरे. कलपाची डबी — मी काय काय समजलो होतो. माणूस पाठमोरा, इकडे बघतोय, तिकडे बघतोय, आणि वस्तू गडप. मी आपलं नेहमीचं म्हणालो, ‘साहेब, जरा आत येता का?’ — आणि तुम्ही वळलात. माझ्या लेकीचे होणारे सासरे. माझ्याच पायाखालची वाळू सरकली हो, तुमची तर सरकली असेलच.

कळलं मला, का टाकलीत खिशात. पैसे नव्हते म्हणून थोडीच. आमची काउंटरवरची बाई वस्तूचं नाव मोठ्यानं वाचते, आणि विहीणबाई तिथेच उभ्या. त्या दिवशी आमच्याकडे किती कौतुकानं सांगत होत्या — आमच्या ह्यांचा अजून एक केस पिकलेला नाही. घरात ठेवता कुठे ही डबी? जाऊ द्या, नका सांगू. बायकोपासून इतकी वर्षं केस लपवणारा माणूस साधा नसतो, एवढं मात्र मान्य करतो मी.

आता नियमाचं विचाराल तर — विचारा, मला आवडतं सांगायला. लोकांना वाटतं शिट्टी आहे, काठी आहे, म्हणजे अर्धा पोलीसच. कसला पोलीस? दुकान मालकाचं, म्हणून ‘बाहेर व्हा’ म्हणू शकतो. धरायचं तर डोळ्यांदेखत घडलेलं हवं, आणि लगेच पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. बस. एवढा अधिकार तर कोणालाही आहे. उद्या मी डबी उचलली आणि तुम्ही पाहिलंत, तर तुम्ही मला धरा — गणवेश लागत नाही त्याला. आणि माणूस काउंटर ओलांडून जाईपर्यंत तर त्याला हातच लावायचा नसतो, तोवर तो गिऱ्हाईक. तुम्ही कुठे ओलांडलं होतं? नव्हतंच. म्हणजे... म्हणजे तुम्हाला आत आणायचा अधिकारच नव्हता मला. घाई केली मी. हे आमच्या साहेबांना नका सांगू, ते जेवून येतीलच इतक्यात.

हं. आता टोपीकडे का बघताय तेही कळतंय. आमच्या हिनं तुम्हाला सांगितलं होतं, हे मोठ्या कंपनीत सुरक्षा बघतात. आता ते काय खोटं आहे का? बघतोच मी, दिवसभर उभं राहून. तुम्ही विचारलंत, ‘हाताखाली किती माणसं?’ आणि मी म्हणालो, ‘मोजली नाहीत कधी.’ तुम्ही केवढे खूश झालात. पोरगी आतून डोळे वटारत होती. नंतर म्हणाली, ‘बाबा, खरं सांगून टाका.’ म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू.

काय म्हणता? — तुम्ही मला पाहिलं नाही, मी तुम्हाला पाहिलं नाही? आणि मागच्या दारानं? आहे की मागचं दार, माल येतो तिकडून. अहो, खरं सांगू, माझ्या मनात हे तुमच्या आधी आलं होतं. नुसतं आलं नाही, किल्लीही काढून ठेवली होती मी.

पण मग पुढे काय? लग्नात मी कोट घालून उभा, तुम्ही काळेभोर केस घेऊन उभे, आणि दोघांचा एकमेकांवर पहारा. दिवसभर पहाराच करतो मी, घरी गेल्यावर परत नाही करायचा मला. आणि पोरीला तुमच्या घरात राहायचंय. कधीतरी काही बिनसेल, बिनसतंच, आणि तुम्ही म्हणाल, दारावरच्या वॉचमनची पोरगी, वर फसवून दिलेली. आणि ती मान खाली घालून ऐकून घेईल, कारण फसवलेलं खरंच असेल. ते मला सहन व्हायचं नाही, व्याहीबुवा. भीती वाटते मला, नाही असं नाही. पोरीचा जीव आहे तुमच्या मुलावर. पण मोडायचं असेल तर आज मोडू दे, तिच्या बापाच्या तोंडावर मोडू दे.

तर डबी उचला. खिशात नाही, हातात. काउंटरपर्यंत मी येतो बरोबर — हात धरणार नाही, घाबरू नका. टोपी? टोपी राहू दे. टोपीसकट बघू देत. चला, तुम्ही मागून या, मी पुढे होतो —

नमस्कार, विहीणबाई. हो, मीच. नाही नाही, गंमत नाही, हे माझेच कपडे, इथेच असतो मी, दारावर. हाताखाली? कोणी नाही हो, मीच सगळ्यांच्या हाताखाली. पोरीची यात काही चूक नाही, तेवढं लक्षात असू द्या. आणि ह्यांच्या हातात काय आहे, ते तुम्ही ह्यांनाच विचारा. मला जायला हवं, दारावर कोणी नाही.