पत्र्याच्या भिंतीतला लाकडी दांडा

समारंभाच्या अध्यक्षा दीपाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती गुरुदत्तराव आणि आपल्या वाचनालयाच्या सुज्ञ वाचकहो,

गुरुदत्तराव कार्यवाहपद सोडून लेकीकडे नाशिकला निघाले आहेत. त्यांच्याविषयी गौरवाने बोलावे, असा मला, म्हणजे उपाध्यक्षाला, आदेश आहे. परंतु माझ्या पाठीमागच्या या भिंतीचा निकाल लागल्याखेरीज गौरव कसा करावा?

बालविभाग वेगळा करायचा ठरला, तेव्हा मी म्हणालो, मधल्या भिंतीचा सांगाडा सागवानी असावा. लाकूड खिळा धरते. गुरुदत्तराव म्हणाले, पत्र्याचा असावा. वाळवी पत्रा खात नाही. मी पनवेलच्या दमट हवेचा आणि गंजाचा मुद्दा काढला. ते म्हणाले, "आप्पासाहेब, पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. तुमच्या मतांना तोही नाही!" सभा हसली. हसलेली सभा विचार करीत नाही. पत्रा जिंकला.

आता आपली प्रथा पाहा. मावळत्या पदाधिकाऱ्याची तसबीर लागते, आणि खिळा ठोकायचा तो त्याच्या कट्टर विरोधकाने. जुन्या भिंती कपाटांनी व्यापल्या; उरली हीच. आज सकाळी मी, काहीशा अशोभनीय आनंदाने, हातोडी उचलली. खिळा सांगाड्यावरच्या जिप्समच्या तक्त्यातून आरपार आत गेला, पांढरे पीठ बाहेर आले, तसबीर हातातच राहिली. आणखी कोणता पुरावा हवा?

तेवढ्यात ही भिंत उभारणारे गव्हाणचे महादेव सुतार म्हणाले, "आप्पा, तितं नाय, हितं ठोका. हितं लाकूड हाय."

"पत्र्याच्या सांगाड्यात लाकूड?"

"येकच दांडा. गुरुदत्तकाकांनीच घालायला लावला. म्हनाले, कवातरी आप्पांची तसबीर लागंल. ती पडली, तर म्हातारा वरनं भांडंल."

हसा, मंडळी. मी मात्र हातोडी खाली ठेवली.

तर आता युक्तिवाद ऐका. तो दांडा माझ्यासाठी राखीव आहे. तिथे दुसऱ्याची तसबीर मी येऊ देणार नाही. तसबीर लागल्याखेरीज पदाधिकारी निवृत्त झाला, असे आपण मानत नाही. गुरुदत्तरावांची तसबीर त्या टेबलाला टेकून उभी आहे. सबब, ते नाशिकला जात आहेत ते रजेवर. आणि माझा खिळा ठोकायला माझा कट्टर विरोधकच हवा. दुसरा आहे कोण? गुरुदत्तराव, हातोडी मी जपून ठेवतो. आपण परत यावे.

अध्यक्षांनी एवढा वेळ घंटी वाजवली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बोलण्यात कोठे मर्यादा ओलांडली गेली असेल, तर सभेने ते उदारपणे पोटात घालावे. भिंतीतले भोक मात्र कोणी बुजवू नये. तो माझा पुरावा आहे.