चौथं गाणं

शिळफाट्याला मी रसायनीच्या बसची वाट पाहत होते. शेजारी गिटार घेतलेली मुलगी आणि तिचे वडील होते. त्यांच्या पिशवीतून सांताचा लाल डगला डोकावत होता.

"आबा, आमच्या बँडचा अल्बम साहेबांना का दिलात?"

"ख्रिसमसची गानी हायत म्हनलीस ना? आज कंपनीच्या कार्यक्रमात लावनार हायत."

"ती टिंगल आहे, आबा. चौथ्या गाण्यात सांता तुमच्या कंपनीत लागतो. केमिकलच्या वासामुळे मास्क मागतो, तर साहेब म्हणतात, दाढीच बांध नाकावर."

"अगं, ही माझीच गोष्ट! मला रुमाल बांध म्हनले व्हते."

"सांताचं हसूही तुमचंच आहे. घरी रेकॉर्ड केलं होतं."

"काय केलंस गं आरोही! पुढच्या महिन्यात पर्मनंट करनार हायत मला."

"घरी परत चला."

"नाय गेलो तर लगेच कळंल, गान्यातला सांता मीच हाय."

"मग तिथं हसू तरी नका."

"दरवर्षी सांता मीच असतो, पोरी. माईक देऊन पयलं हसायलाच लावतात."

"बस आली, आबा."

"थांब. जरा बारीक हसतो. बघ, वळखू येतंय का?"

ते हसले.

"येतंय, आबा."