रोलरवाल्याचा ओव्हरटेक

...आणि वर मलाच म्हणतात, ‘बाबा, काय ओव्हरटेक मारलात हो.’ मारला? मी मारला? अहो, आज चौथा दिवस, अजून कप उचलला की निम्मा चहा बशीत सांडतोय, आणि आमचे जावई भेटेल त्याला सांगत सुटलेत, आमचे सासरे म्हणजे काय वाटले तुम्हाला. तुम्हाला सांगतो, पण हे तुमच्यापाशीच ठेवा. चौतीस वर्षं रोलर चालवला मी. रस्ता दाबायचा रोलर. चौतीस वर्षांत मी कुणालाही ओव्हरटेक केलेलं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. मला मात्र सगळ्यांनी केलं. सायकलवाल्यांनी केलं, शेळ्यांनी केलं, कुबड्या घेतलेल्या एका माणसानं केलं, एकदा तर एका अंत्ययात्रेनं केलं, आणि त्या लोकांना काही घाई नव्हती. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझ्यामागे रस्ता सपाट होत होता. ह्या पळणाऱ्यांच्या मागे काय होतं? धूळ.

तर मूळ भानगड कुठली, तर बल्ब. जावई स्टुलावर चढले बल्ब बदलायला. बल्ब बदलला, हात मोडला. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. मुलीला रजा मिळेना. आणि त्याच आठवड्यात आमच्या हिच्या मोतीबिंदूची तारीख. मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात तिकडच्या दवाखान्यात, तासाभराच्या रस्त्यावर. फोनवर ती नर्सबाई कशी बोलते, ‘अकरा म्हणजे अकरा हं आजोबा, सव्वाअकराला आलात तर पुढच्या महिन्यात या.’ एक तारीख आधीच हिची साखर वाढली म्हणून हुकलेली. आता घरातली अवस्था अशी, की परवा ही खुंटीवरच्या माझ्या कोटाला म्हणाली, ‘अहो, उभे काय, जेवून घ्या.’ मी पलीकडच्या खुर्चीत बसलेलो. आणि गंमत सांगू? कोटाशी बोलताना आवाज जास्त गोड होता.

मग गाडी कोण चालवणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. लायसन आहे हो माझ्याकडे, नाही असं नाही. मुलीनं शिकवलीय मला गाडी, कॉलनीतल्या कॉलनीत, दूध आणण्यापुरती. पण ही गाडी? ही जावयांची नवी. प्लग-इन हायब्रिड. म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे, ‘बाबा, हिला मोबाईलसारखी भिंतीला लावून चार्ज करायची, आणि शिवाय पेट्रोलही घालायचं. आत मोटर पण आहे आणि इंजिन पण आहे.’ म्हटलं, एकाला दोन कशाला? एकावर भरवसा नाही म्हणून दुसरं ठेवलंय का? जावई हसले. मी हसलो नव्हतो. मी विचारत होतो.

सकाळी निघालो. मी पुढे, शेजारी जावई प्लास्टर मांडीवर घेऊन, मागे ही, मांडीवर तपासण्यांची फाईल. बटण दाबलं. काही झालं नाही. म्हटलं, बंद पडली, चला, उतरा. तर म्हणे सुरू झालीय. अहो, आवाज नको का यायला? आमचा रोलर सुरू केला की चार घरं सोडून भांडी वाजायची, मग लोकांना कळायचं की माणूस कामाला लागला. ही गाडी मांजरीसारखी फाटकाबाहेर आली, आणि मला घाम फुटला तो तिथंच. गाडीला आवाज नाही म्हणजे ती काय करणार आहे हे कळायचं कसं?

आणि जावयांची शिकवणी चालू. ‘बाबा, पुढे दुपदरी रस्ता आहे, जायला एक, यायला एक. ओव्हरटेक करायची वेळ आली तर अ‍ॅक्सिलेटर अर्धवट दाबायचा नाही. अर्धवट दाबलात तर ती विचार करते.’ म्हटलं, कोण? ‘गाडी.’ गाडी विचार करते? ‘म्हणजे ठरवते, की मोटरवर भागवायचं की इंजिनाला उठवायचं. त्यात एखादा सेकंद जातो. म्हणून पाय पार तळापर्यंत न्यायचा. तळाला एक खटका आहे, तो लागला की मोटर आणि इंजिन दोघं मिळून जोर लावतात, मग बघा. आणि आधी हे स्पोर्टचं बटण दाबून ठेवायचं, म्हणजे इंजिन आधीपासूनच जागं असतं.’ मी म्हटलं, जावईबापू, मी ओव्हरटेक करणार नाही, विषय संपला. चौतीस वर्षं रोलर चालवला मी. ज्याला पुढं जायचंय त्यानं जावं.

आणि संपला असता हो विषय. पण पुढे आला ट्रक. सिमेंटचे पाईप भरलेला, एकेका पाईपात आपण तिघं बसून पत्ते खेळू एवढे. तीसच्या वेगानं चाललेला, आणि मागे मी, सुखात. पंधरा मिनिटं मी त्याच्या मागे सुखात होतो. असा समाधानी ड्रायव्हर तुम्ही बघितला नसेल. जावई घड्याळ बघतायत. ‘बाबा, दहा पस्तीस.’ बरं. ‘बाबा, ह्या वेगानं सव्वाअकरा वाजतील.’ वाजू द्या. मग मागून हिचा आवाज, ‘अहो, किती वेळ त्या ट्रकचं ढुंगण बघत बसणार? मला दिसत नाही म्हणून बरंय.’

पण ते ‘मला दिसत नाही’ असं लागलं ना आत... म्हटलं, आणखी एक महिना ही कोटाशी गप्पा मारणार. आणि का, तर मी भितो म्हणून.

समोर बघितलं, रस्ता मोकळा. लांबवर एक वळण. जावई म्हणाले, ‘आता, बाबा.’ स्पोर्टचं बटण? विसरलो. आरसा? बघितला, पण आरशात काय होतं विचाराल तर मला माहीत नाही, माझंच तोंड असेल. गाडी बाहेर काढली, पाय दाबला... आणि किती दाबला, तर अर्धा. अहो, माणूस घाबरला की अर्धंच करतो सगळं. आणि गाडी लागली विचार करायला.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. मी ट्रकच्या बरोबरीनं. ह्या अंगाला ते पाईप, एकेक विहिरीएवढा, साखळ्या खळखळ वाजतायत. मी पुढं जात नाही, मागं येत नाही, आम्ही दोघं जोडीनं फिरायला निघाल्यासारखे. आणि त्या वळणातून आली बस. लाल. दिवे लावून. बसच्या ड्रायव्हरचं तोंड दिसलं मला, तो काहीतरी म्हणत होता, आणि ते माझ्या आईबद्दल होतं हे मी शपथेवर सांगतो. जावई ओरडले, ‘बाबा...’

इथं तुम्हाला एक सांगायला पाहिजे. आमच्या रोलरला ब्रेक म्हणजे उजव्या पायाखाली एक लोखंडी पट्टी. नुसती दाबून भागायचं नाही. आठ टनांचं धूड थांबवायचं तर सीटवरून उठायचं, आणि अख्ख्या अंगानिशी त्या पट्टीवर उभं राहायचं. चौतीस वर्षं मी तेच केलं. कुत्रं आडवं आलं, उभा राहिलो. पोर आलं, उभा राहिलो. साहेब आला, तरी उभा राहिलो.

आलं लक्षात?

बस समोर बघितली आणि मी उभा राहिलो. थांबवायला हो, थांबवायला... पण पाय होता अ‍ॅक्सिलेटरवर. तो गेला तळाला, तळाचा खटका वाजला, आणि इतका वेळ मुक्या असलेल्या त्या गाडीनं असा काही हंबरडा फोडला, काय सांगू. मोटर आणि इंजिन दोघं एकदम उठले. माझी मान मागे, फाईल हिच्या डोक्यावर, पाईप सर्रकन मागे, आणि मी अजून जीव खाऊन दाबतोय, कारण गाडी थांबत का नाही, म्हणून आणखी दाबतोय... डोळे मिटलेले. हो, मिटलेले होते, खोटं कशाला बोलू. उघडले तेव्हा समोर रिकामा रस्ता, बस मागे कुठंतरी भोंगा वाजवत गेलेली, आणि मी माझ्या बाजूला. स्टेअरिंग कुणी फिरवलं मला विचारू नका. जावयांचा एक हात चांगला होता, त्यानं असेल.

मग जावई म्हणाले, ‘बाबा... हे जमायला मला सहा महिने लागले. असा तळापर्यंत दाबायचं धाडस होत नाही माणसाला.’

म्हटलं, हं.

अकराला दोन कमी असताना पोचलो. ऑपरेशन झालं, झक्क झालं. संध्याकाळी हिच्या खाटेपाशी बसलो होतो, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून धुकं. जावई बाहेर नर्सबाईंना माझं कौतुक सांगतायत, मला ऐकू येतंय. ही हळूच म्हणाली, ‘ब्रेक समजून दाबलात ना?’

म्हटलं, काहीतरीच. तुला कुठं दिसतंय?

‘दिसायला कशाला पाहिजे? सीट करकरली. उठलात तुम्ही. गाडी पळवायला माणूस उठत नाही हो, थांबवायला उठतो. तुमचा डबा घेऊन किती वर्षं येत होते मी कामावर?’

म्हटलं, मग जावयांना का नाही बोललीस? तर म्हणे, ‘बोलले असते तर त्यांनी गाडी थांबवली असती. मग डोळा तसाच राहिला असता.’ आणि माझा हात हातात घेतला. दाबून धरला, ब्रेकसारखा.

आता म्हणाल, झालं की मग, सुटलात. कसला सुटलो? जावयांचं प्लास्टर पुढच्या महिन्यात निघतंय, पण ते म्हणतात, पुढच्या खेपेला पण बाबाच चालवणार, मी शेजारी बसून शिकणार. पुढची खेप कसली, तर हिचा दुसरा डोळा. एकवीस तारीख. रस्ता तोच, पाईपवाला त्याच रस्त्याला रोज असतो, चौकशी केलीय मी. म्हटलं हिला, तू तरी सांग ना काहीतरी त्यांना. तर म्हणते, मी नाही बाई सांगणार, मी ह्या वेळी पुढं बसणार आहे.

चौतीस वर्षं रोलर चालवला मी... आणि आता एकवीस तारखेला डोळे मिटायचीसुद्धा सोय राहिली नाही. तिला दिसायला लागलंय.