वरच्यांची एजंट

बस की, उभ्या उभ्या सही मागतेस? म्हणजे वरच्यांनी ठेवलेली ती एजंट तूच होय! मला वाटलं, कोणी टकलू, काखेत फायली मारलेला माणूस येईल — तर ही नखं रंगवलेली पोर. रंगव बाई, वय आहे तुझं, मला काय!

देत नाही असं कुठं म्हटलं? वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ परदेशी, ते माझ्याच घरात राहतात, हे दर तीन महिन्यांनी इमिग्रेशनच्या ऑफिसात कळवायचं, त्यावर घरमालकिणीची सही लागते — हे तू मला शिकवणार? तू शाळेत पाटी पुसत होतीस तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर जातेय. हो, बरोबर! सही देऊन मोकळी झाले असते, पण त्यांना भाषा कुठं येत होती? खिडकीतला माणूस विचारायचा एक, हे सांगायचे भलतंच — हे म्हणजे वरचे गं. एकदा त्यानं विचारलं, "पत्ता बदललाय का?" तर हे आपले मान डोलावतायत, होय होय! मी मागून ओरडले म्हणून निभावलं, नाहीतर बेपत्ताच व्हायचे. बाहेर आल्यावर इतके हसलो, इतके हसलो —

तिथल्या बाकावर सकाळची दुपार व्हायची. मशीनची कॉफी म्हणजे नुसतं गढूळ पाणी, पण ते दोन कप आणणार, माझ्यात साखर जास्त. न सांगता हं! आदल्या दिवशी मी केस धुवायची — चार लोक बघतात, दुसरं काय. आता तू बसशील तिथं. तुलाही कॉफी आणतील. एक दात किडलाय, म्हणून तोंडावर हात धरून हसतात ते — बघशील, सगळं बघशील. आम्ही वाट तुडवायची आणि ही आयत्या बिळावर नागोबा! नाही करत जा सही. खाली येऊन स्वतः मागा म्हणावं. मुदत संपेल? संपू दे. व्हिसा अडकेल? अडकू दे, मी काय —

काय म्हणालीस? तू एकटीच जाणार?

म्हणजे ते येणारच नाहीत? वरच बसणार? मग तुला ठेवलंय कशाला? भाषा तर आता चांगली येते, दूधवाल्याशी भांडतात की... तेवढ्याचसाठी? त्या बाकावर बसायला लागू नये म्हणून? पदरचे पैसे घालून? असं ते म्हणाले — स्वतःच्या तोंडानं? किती वर्षं कंटाळत होते, तेही म्हणाले असतील. नको, सांगू नको.

मला नुसतं बोलले असते ना, तर मी एकटी जाऊन आले असते.

काही नाही गं. कुठं करायची, इथं? पेन दे. घे. आता ऊठ, आणि जाताना दार ओढून घे.