मंगळवारचा परवाना

"पेरणीआधी रान जाळायचा परवाना अख्ख्या गावाला एकाच मंगळवारचा दिलात, आणि आग लावल्याची नोटीस मला एकटीला?" नगरपालिकेच्या रांगेत माझ्यापुढच्या दोन्या नेमेसियानं (आमच्याकडं बाईला मानानं दोन्या म्हणतात) खिडकीतल्या कारकुनाला धारेवर धरलं.

"वाऱ्यात पेटवलंत कशाला, दोन्या?"

"दिवस चुकवला तर दंड, हे तुम्हीच छापलंय त्या कागदावर. अठरा रानं एकदम पेटली. माझं ताडपानांचं घर गेलं."

"तपासणीचे साहेब मंगळवारीच येतात. म्हणून मंगळवार."

"मग त्या मंगळवारी कुठं होते?"

"आले नाहीत."

"का?"

"वारा फार होता."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"खुलासा लिहून द्या, दोन्या. नाहीतर जमीन जाईल."

"देते की. साहेबाला वारा दिसला, तेव्हा आम्हाला थांबवायला कुणाला धाडलं होतं? त्याचं नाव सांगा आधी."