दुसरी बाटली

माझं निम्मं आयुष्य रांगांमध्ये लोकांचं बोलणं ऐकण्यात गेलं. परवा दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. ट्रॉलीत टाकोची खोकी, राजमा, चीज, टोमॅटो, तिखट सॉसच्या दोन बाटल्या. त्याची सारखी चुळबुळ चालली होती.

"टाकोच कशाला? दादा येतोय, तर सरळ जेवायला वाढू."

"वाढलं की टेबलाशी बसणं आलं. मग तू आणि दादा मागच्यासारखे माना खाली घालून गिळणार. त्यापेक्षा ओट्यावर सगळं मांडू, ज्याने त्याने उभ्याउभ्याच आपला टाको भरावा."

"मग सॉसच्या या दोन्ही बाटल्या घेऊ."

"तिखट खाणारे तुम्ही दोघंच भाऊ. दोन कशाला?"

"एक या टोकाला, एक त्या टोकाला."

"म्हणजे जवळ जायलाच नको! ठेव ती परत. एकच घ्यायची."

"आणि ती त्याच्या हातात असली तर?"

"तर मागायची. तोंड आहे ना?"

"वर्षभर बोललो नाही गं. त्याने दिलीच नाही तर?"

"लहानपणी द्यायचा?"

"लहानपणी... स्वतःच्या ताटातलं काढून द्यायचा."

"बघ मग."

"तुला काय जातंय बघ म्हणायला!"

गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "दोन्ही बाटल्या घ्यायच्या का?"

त्याने एक उचलली, बायकोकडे पाहिलं आणि मागे वळून माझ्यापुढे धरली.

"आजी, ही तेवढी तुमच्याकडे ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."