शेवटचे टाके

लेक : आई, उसव ना पटकन. सुट्टीचा दिवस आहे.

आई : उसवते. आधी मला सांग, हे टाके कोणाचे?

लेक : कोणाचे म्हणजे? काल रात्री तूच घातलेस. फोन पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, नेहमीसारखं. माझ्या डोळ्यांदेखत.

आई : काल घातले ते माझे. हे ते नाहीत.

मावशी : अगं ताई, टाक्यांवर काय नाव लिहिलेलं असतं? दे इकडे. दोरा तोच. धावदोरा, मधे मधे उलटी टीप, शेवटी दुहेरी गाठ. तुझ्याशिवाय असं कोण शिवतं?

आई : तू शिवतेस. मीच शिकवलंय.

मावशी : मी? इथे बटणांची काजं करून करून माझी बोटं दुखायला लागलीत, मी कशाला पोरीचे फोन शिवत बसू? आधीच लोक विचारतात, तुमच्या शिलाईच्या दुकानात फोनला टाके घालतात म्हणे. काय, ऑपरेशन झालंय का त्याचं?

लेक : बघ. मावशीसुद्धा म्हणते तुझेच आहेत. आता उसव.

आई : माझे टाके शेवटाकडे लांब होत जातात. दिवसभर मशीनवर बसलं की रात्री डोळे साथ देत नाहीत. सुरुवातीचे बारीक, शेवटचे कसेही. हे बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे. हे ताज्या डोळ्यांनी घातलेत.

लेक : दे इकडे, मीच उसवते.

मावशी : अगं बाई.

आई : काय अगं बाई?

मावशी : चिडू नकोस हं, ताई. मीच शिकवले तिला. एक दिवस येऊन म्हणाली, मावशी, आई घालते तो टाका मला दाखव. मी म्हटलं, मशीनकडे ढुंकून न बघणारी पोरगी सुई मागतेय! केवढा आनंद झाला मला. धावत तुला सांगायला येत होते, तर म्हणते, नको, आईला सरप्राइज द्यायचंय.

आई : दिलं.

लेक : मावशी, तू पण ना!

मावशी : माझ्यावर कशाला डोळे वटारतेस? मला फसवलंस ते फसवलंस, वर माझ्याच हातचा टाका वापरलास. मी चांगलं जुनं कापड काढून ठेवलं होतं तुझ्यासाठी. म्हटलं, हिला परकर शिवायला शिकवू.

आई : कधीपासून चाललंय हे, रात्री उसवायचं आणि परत शिवायचं?

लेक : रोज नाही.

आई : मी रोज आहे का ते विचारलं नाही.

लेक : सहामाही झाली तेव्हापासून.

आई : म्हणजे बसमध्ये झोपलीस त्याच्या आधीपासून. थेट डेपोत जाग आली होती तुला. कंडक्टरचा फोन येईपर्यंत मी या दारात उभी होते. एका हातात गिऱ्हाइकाची बाही, तिला टाचण्या तशाच. तेव्हा काय म्हणालीस? अभ्यासाने थकले.

लेक : अभ्यासपण केला होता.

आई : आधी खणात ठेवला फोन, तू किल्ली शोधलीस. मग माझ्या उशीखाली ठेवला, तर मी कूस बदलायची वाट बघत बसलीस. म्हणून ही पिशवी काढली. मला काय हौस आहे रोज रात्री शिवायची?

लेक : मग नको ना शिवू! कोणाच्या घरी असं नसतं, आई. सीरियसली. बाकी सगळ्या रात्री ग्रुपवर असतात. सगळं तेव्हाच ठरतं. कुठे बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, सगळं. सकाळी मी जाते तर सगळ्या हसत असतात आणि मला कळतच नाही कशावर. मी पण हसते. उगाच. कळलं नाही हे कळू नये म्हणून.

मावशी : अरे देवा.

लेक : एकदा तर माझ्यावरच हसत होत्या. आणि मी पण हसले.

आई : हे मला का नाही सांगितलंस?

लेक : तू काय केलं असतंस? शाळेत येऊन त्यांची तोंडं शिवली असतीस?

मावशी : हिचा काही भरवसा नाही हो.

आई : तू गप्प बैस. इकडे ये, बाळा. बस इथे. ती टाचणी बाजूला कर आधी.

लेक : आता बाबांना सांगणार तू. ते संध्याकाळी गाडी लावून आले की. मागच्या वेळी म्हणाले होते, पुन्हा लपवाछपवी केलीस तर हा फोन विकून टाकीन, साधा आणून देईन. मग तर मी संपलेच. आई, प्लीज. एवढ्या वेळी नको सांगू.

मावशी : ताई, एवढ्या वेळी जाऊ दे. पोर रडकुंडीला आलीय.

आई : मी नाही सांगणार.

लेक : खरंच?

आई : तू सांगशील. ते हातपाय धुऊन बसले की. मी शेजारी असेन. फोन विकू नका, एवढं मी त्यांना म्हणेन. पण पुढच्या शनिवारपर्यंत ही पिशवी उसवायची नाही. दिवसासुद्धा.

लेक : आख्खा आठवडा? आणि ग्रुप?

आई : त्यांना सांग, आईने फोन शिवून टाकलाय.

लेक : हसतील ना!

आई : हसू देत. या वेळी कशावर हसतात ते तुला कळेल तरी.

मावशी : आणि त्यातली एखादी नाही हसली, तर तिला घरी घेऊन ये. परकर तिला शिकवते.

लेक : आणि तुझा फोन? तो बरा रात्रभर वाजतो. बाही सैल करा, गळा लहान करा. ते चालतं.

आई : ते काम आहे.

लेक : अकरा वाजता?

मावशी : तेवढं मात्र खरं बोलली हो पोरगी.

आई : बरं. नऊनंतर माझाही बंद. खणात ठेवते.

लेक : खणाची किल्ली तुझ्याकडेच असते. पिशवीत घाल. मी शिवते.

*(रात्र. जेवणं झाली आहेत. आत वडील भांडी घासत आहेत. दुकानातल्या टेबलावर दोन पिशव्या.)*

मावशी : काय म्हणाले गं तुझे बाबा?

लेक : ओरडले नाहीत. मी सगळं सांगितलं, तर ताटातला भात कालवत राहिले. मग म्हणाले, शनिवारपर्यंत ना, बरं. आणि मला म्हणाले, कोण त्या मुली? मी म्हटलं, उद्या सांगते.

आई : उद्या सांग. आम्हा दोघांनाही. झाली माझी पिशवी?

लेक : झाली. बघ.

आई : हं. बारीक घातलेस. गाठही बरी आहे.

मावशी : बरी? अगं, तुझ्याहून सरस आहे! तोंड भरून म्हण की जरा.

आई : माझ्याहून सरस आहे. आण तुझी, त्यावर माझेही टाके घालते.

लेक : आई, सुरुवात तू कर, शेवटचे मी घालते. तुझे डोळे दुखतात ना.

आई : नको. तुझ्या पिशवीवरचे शेवटचे माझेच. लांब, वाकडे, येतील तसे.

लेक : मग दिवा तरी इकडे ओढते.